पेंडीचा हिशेब मांडणारा जमीनदार

माळव्यात जिला खली म्हणतात, वऱ्हाडात ढेप आणि घाटावर पेंड, ती वस्तू एकच : तेल गाळून घेतल्यावर उरलेला बियांचा चोथा. म्हशीपुढे सरकीची पेंड ठेवावी की जवसाची, भुईमुगाची महाग झाली तर करडईवर भागवावे काय, हे प्रश्न गोठ्यागोठ्यांत रोज सोडवले जातात, आणि बहुधा बाजारभाव पाहूनच सोडवले जातात. या चोथ्याचा किती भाग जनावराच्या अंगी लागतो व उरलेला कोठे जातो, हे तराजू लावून पाहण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका इंग्रज जमीनदाराने केले. त्याच्या प्रयोगांतली जनावरे बहुतांशी दुभती नव्हती. खाटिकखान्यासाठी पुष्ट केले जाणारे बैल, मेंढरे व डुकरे यांच्यावर त्याचे सारे लक्ष होते. सुपरफॉस्फेट खताचे जनक म्हणून सर जॉन बेनेट लॉझ यांचे नाव कृषी महाविद्यालयांतून शिकलेल्यांना ठाऊक असते. पेंडीचा हिशेब मांडणारे लॉझ मात्र त्या मोठ्या कीर्तीच्या सावलीत राहून गेले. वास्तविक या दोन कामांचा धागा एकच होता.

लॉझ यांचा जन्म २८ डिसेंबर १८१४ रोजी झाला. लंडनच्या उत्तरेस हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेन्डन गावाजवळ रॉथमस्टेड ही त्यांच्या घराण्याची जुनी जहागीर होती. वडील १८२२ मध्ये वारले, तेव्हा मुलगा अवघा सात वर्षांचा होता. ईटन येथील शाळा, मग ऑक्सफर्डचे ब्रेझनोज कॉलेज, असे त्या काळच्या खानदानी मुलाला साजेसे शिक्षण झाले. पण पदवी न घेताच ते घरी परतले. १८३४ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी घरची शेती हाती घेतली. ती सुमारे अडीचशे एकर होती आणि चिकणमातीत गारगोट्या मिसळलेली, मशागतीला जड अशी होती. तरुण मालकाला रसायनांचे भारी वेड. वाड्यातल्या एका उत्तम शयनगृहाची त्यांनी प्रयोगशाळा करून टाकली. अफू, धोत्र्याच्या कुळातल्या विषारी वनस्पती आणि इतर औषधी झाडे ते शेतात लावीत व त्यांतील अर्क काढून पाहत. खानदानी घराला हा छंद शोभणारा नव्हता, आणि पुढे त्यांनी जो धंदा पत्करला तो तर मुळीच नव्हता.

त्या काळी इंग्लंडात सलगमाच्या पिकाला हाडांचा चुरा घालीत. काही जमिनींवर तो सोन्यासारखा लागू पडे, काहींवर त्याचा पत्ताही लागत नसे. शेजारच्या एका जमीनदाराने ही विसंगती लॉझ यांच्या कानी घातली. रॉथमस्टेडची जमीन दुसऱ्या प्रकारची होती. लॉझ यांनी आधी कुंड्यांतील रोपांवर आणि मग शेतात निरनिराळी मिश्रणे घालून पाहिली. हाडांवर किंवा खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली, तर त्यातील स्फुरद पाण्यात विरघळू लागते आणि सलगम जोमाने वाढते, असे त्यांना आढळले. १८४२ च्या मे महिन्यात त्यांनी या प्रक्रियेचे पेटंट घेतले. त्याच वर्षअखेरीस, २८ डिसेंबरला म्हणजे आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, कॅरोलिन फाउंटेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युरोपच्या मधुचंद्राचा बेत रहित करून नवरा-बायको थेम्स नदीत होडीतून फिरले ते कारखान्याला जागा शोधण्यासाठी, अशी गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. १८४३ मध्ये लंडनजवळ डेप्टफर्ड येथे कारखाना सुरू झाला. जहागीरदाराच्या मुलाने खताचा व्यापार करावा, हे त्यांच्या आईला फार लागले. नातलगांना व मित्रांनाही ते रुचले नाही. लॉझ यांनी मागे पाहिले नाही.

सुपरफॉस्फेटचा पेंडीशी संबंध सलगमातून येतो. इंग्लंडच्या कडक हिवाळ्यात कुरणे निजून जातात. त्या चार-पाच महिन्यांत बैल जगवायचे, इतकेच नव्हे तर वसंतापर्यंत ते चरबीवर आणून बाजारात न्यायचे, तर कंदमुळे, वाळलेले गवत आणि पेंड हाच आधार. सुपरफॉस्फेटने सलगम वाढले, सलगमाने गोठ्यातले बैल वाढले, बैलांमुळे शेणखताचे ढीग वाढले आणि ते ढीग गव्हाच्या शेतात गेले. पूर्व इंग्लंडातील नॉरफकसारख्या परगण्यांत या चक्राला शेतीचा पायाच समजत. चक्र फिरते ठेवण्यासाठी शेताबाहेरून विकत आणलेली मुख्य वस्तू म्हणजे जवसाची पेंड. ती स्वस्त नसे. मांसाच्या भावातून तिचा खर्च निघतो की नाही, याबद्दल शेतकरी कायम साशंक असत. पण पेंड खाऊ घातलेल्या बैलांचे खत ज्या शेतात पडते तेथील पीक वेगळेच दिसते, हे मात्र प्रत्येक जण सांगे. ते का, आणि किती, हे कोणालाच सांगता येत नसे.

१८४३ च्या जूनमध्ये लॉझ यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या पंचविशीतल्या रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतले. गिल्बर्ट यांचा एक डोळा लहानपणी बंदुकीच्या अपघातात गेला होता. जर्मनीतील गीसेन येथे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. मालक आणि नोकर असा हा संबंध सुरू झाला व सत्तावन्न वर्षे टिकला. दोघांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. लॉझ यांची झेप मोठी. प्रश्न कोठे आहे ते त्यांना चटकन दिसे, व्यवहाराची नाडी हाती असे, आणि दरवर्षी स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीला व सामन मासे गळाला लावायला गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गिल्बर्ट चिकाटीचे, नेमाचे, दशांश चिन्हापुढच्या आकड्यासाठी आठवडे घालवणारे. एकट्या लॉझ यांच्या हातून रॉथमस्टेड उभे राहिले नसते. एकट्या गिल्बर्ट यांना तर त्यासाठी पैसाच मिळाला नसता. ब्रॉडबाल्क या शेतातील गव्हाचे प्रयोग त्याच वर्षी सुरू झाले आणि ते आजतागायत चालू आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गोठ्यातले प्रयोग अवघ्या तीन-चार वर्षांनी सुरू झाले.

त्या वेळी पशुखाद्याच्या प्रांतातही लीबिग यांच्याच मतांचा दरारा होता. खाद्यातील नत्रयुक्त पदार्थ, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिने, शरीर घडवतात, आणि ज्या खाद्यात ती अधिक ते खाद्य श्रेष्ठ, अशी समजूत त्यांच्या लिखाणातून रूढ झाली होती. पेंडी, कडधान्ये, गवत अशा साऱ्या खाद्यांची नत्राच्या प्रमाणानुसार उतरंड लावलेली कोष्टके छापली जात. लॉझ व गिल्बर्ट यांनी डुकरांचे गट पाडले. एकाला घेवड्याचे व मसुरीचे पीठ, दुसऱ्याला मक्याचे, तिसऱ्याला जवाचे, काहींना मिश्रण, आणि यांपैकी एक खाद्य पोटभर खाण्याची मोकळीक. सारे तोलून द्यायचे आणि जनावरेही तोलायची. नत्राने भरलेले खाद्य खाणाऱ्या डुकरांचे वजन त्या प्रमाणात वाढले नाही. भूक आणि वाढ या दोहोंचा मेळ बसला तो खाद्यातील पिष्टमय व स्निग्ध भागाशी. कडधान्याचे जादा नत्र शरीरात न साठता बाहेर पडत होते. मेंढ्यांच्या निरनिराळ्या जातींवर मोठ्या संख्येने असेच प्रयोग झाले. बैलांचे काही प्रयोग बेडफर्डच्या ड्यूकांच्या वोबर्न येथील शेतावर पार पडले.

या साऱ्या वजनमापांतून जे सरासरी प्रमाण निघाले ते गोठेवाल्याला अजूनही चकित करील. बैलाचे वजन १०० रत्तलांनी वाढवायचे, तर सुमारे २५० रत्तल पेंड, ६०० रत्तल क्लोव्हरचे वाळलेले गवत आणि ३५०० रत्तल स्वीड जातीचे सलगम खर्ची पडते. पाण्याचा अंश वगळला तर साधारण अकराशे रत्तल कोरडे खाद्य देऊन शंभर रत्तल बैल हाती येतो. मेंढीला त्याहून कमी पुरते, आणि डुकराचे काम जवाच्या सुमारे ५०० रत्तल पिठात भागते. बैल हे मांस तयार करण्याचे महागडे यंत्र आहे, हे या आकड्यांनी उघड केले. मग उरलेल्या हजार रत्तलांचे काय होते? काही भाग श्वासावाटे जातो. बाकीचा शोध घेण्यासाठी त्यांनी जे केले तसे त्याआधी कोणी केले नव्हते.

दहा जनावरे निवडण्यात आली : एक पुष्ट वासरू, एक अर्धा पुष्ट बैल, एक पूर्ण पुष्ट बैल, एक कोकरू, निरनिराळ्या अवस्थांतील चार मेंढ्या आणि दोन डुकरे. त्यांना मारून प्रत्येकाचे संपूर्ण शरीर पृथक्करणाला घेतले. कातडे, शिंगे, खूर, रक्त, आतडी, हाडे, मांस, चरबी, सगळे वेगवेगळे तोलले, वाळवले, कुटले, जाळले; राख मोजली, चरबी वितळवून काढली, नत्र ठरवले. अखंड बैलाचे असे पृथक्करण म्हणजे किती कामगारांचे किती दिवसांचे कष्ट, आणि प्रयोगशाळेत किती दुर्गंधी, याची कल्पनाच केलेली बरी. याखेरीज तीनशेहून अधिक जनावरांचे अवयव नुसते तोलून नोंदले गेले. त्यांत मेंढ्याच दोनशेहून अधिक होत्या. हे काम १८५९ मध्ये रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष असा. अर्ध्या पुष्ट बैलाच्या शरीरात सुमारे १९ टक्के चरबी होती, पूर्ण पुष्ट बैलात ३० टक्के. अतिपुष्ट मेंढीत तर ती ४५ टक्क्यांवर गेली होती. चरबी वाढली तसे पाण्याचे प्रमाण घटले आणि मांसल भागाचेही घटले. शेवटच्या महिन्यांत पुष्ट होणाऱ्या बैलाच्या अंगावर जी वजनवाढ चढते, तिच्यात सुमारे दोन तृतीयांश निव्वळ चरबी असते व नत्रयुक्त भाग सात-आठ टक्केच. खाटिक ज्याला उत्तम पोसलेले जनावर म्हणतो, त्याच्या पोषणातून मांस वाढत नसून चरबी वाढते, असा याचा सरळ अर्थ होता. ही चरबी खाद्यातील तेलातूनच येते, असे फ्रान्समधील काही रसायनशास्त्रज्ञ म्हणत. डुकरांनी खाल्लेल्या पिठातील स्निग्धांशाच्या कितीतरी पट चरबी त्यांच्या अंगावर आढळली, तेव्हा तो वाद मिटायला हवा होता. पिष्टमय पदार्थांपासून शरीर चरबी बनवते, या मुद्द्यावर लॉझ व गिल्बर्ट लीबिग यांच्याच बाजूला होते. पिकांच्या नत्राविषयी लीबिग यांच्याशी त्यांचे जे कडाक्याचे भांडण वर्षानुवर्षे गाजले, त्याच्या धामधुमीत हे एकमत दोन्ही पक्षांच्या अनुयायांना बहुधा दिसलेच नाही. पुढे जर्मनीत चरबी प्रथिनांपासून बनते असे मत प्रबळ झाले, तेव्हाही ही जोडी १८६६ मध्ये आपले डुकरांचे आकडे घेऊन पुन्हा उभी राहिली.

गोठ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र वेगळा होता. पुष्ट होणारा बैल खाद्यातून जेवढे नत्र घेतो, त्यातले शंभरात चारच्या आसपास त्याच्या शरीरात राहते. उरलेले शहाण्णव भाग शेण व मूत्र यांतून बाहेर पडतात. फॉस्फेटचे व पोटॅशचेही थोड्याफार फरकाने तेच. पेंड खाल्लेल्या बैलाचे खत वेगळे का, याचे उत्तर अखेर आकड्यांत मिळाले होते. बैल पेंडीतली ऊर्जा स्वतःसाठी ठेवून घेतो आणि खत मालकाला परत करतो.

यातून पेंडीपेंडीतली निवड एकदम निराळी दिसू लागली. जवसाची पेंड ही इंग्रज शेतकऱ्याची आवडती. तिच्यात तेल बरे उरते, तिच्यातील चिकट द्रव्य पोटाला मानवते, आणि ती खाणाऱ्या बैलाच्या कातडीवर चकाकी येते. रशिया व बाल्टिक किनारा यांच्याबरोबर हिंदुस्थानही त्या जवसाचा मोठा पुरवठादार बनत होता. माळवा, नर्मदेचे खोरे, नागपूर व वऱ्हाड या मुलखांतले जवस मुंबईच्या गोदीतून विलायतेला जाई. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ ऑगस्टस व्होल्कर यांनी जवसाच्या नावाने खपणाऱ्या पेंडींतली भेसळ वर्षानुवर्षे उघडी पाडली.

त्याच सुमारास सरकी बाजारात आली. इजिप्तची सरकी इंग्रज तेलगिरण्यांत गाळली जाऊ लागली. अमेरिकेतल्या गिरण्यांनी सरकीवरचे टरफल काढून मग तेल गाळण्याची रीत बसवली व ती सोललेली पेंड जहाजांतून इंग्लंडात येऊ लागली. सालीसकटची पेंड स्वस्त, पण टरफलाने व कापसाच्या तंतूंनी भरलेली. ती ओंजळी भरून घातली तर जनावराची आतडी तुंबत, आणि अशा मृत्यूंच्या तक्रारी व्होल्कर यांच्याकडे येत. सोललेली पेंड मात्र नत्रात जवसाच्या पेंडीच्या दीडपट भरे. रेपची, म्हणजे मोहरीवर्गातल्या बियांची पेंड नत्रात बरी, पण चवीला कडवट आणि वेळप्रसंगी तिखट. बैल ती नाखुशीने खात. लॉझ यांच्या हिशेबाने बैलावर चढणाऱ्या चरबीत या निरनिराळ्या पेंडींमुळे जो फरक पडे, त्याहून कितीतरी मोठा फरक त्यांच्या खतात होता. म्हणजे जवसाऐवजी सोललेली सरकी घालणारा शेतकरी बैलाच्या बाबतीत फारसे काही गमावत नव्हता आणि शेताच्या बाबतीत कमावत होता, निदान कागदावर तरी.

हा कागद म्हणजे लॉझ यांचे प्रसिद्ध कोष्टक. एक टन खाद्य जनावराने खाल्ल्यावर त्यापासून मिळणाऱ्या खताची किंमत किती, हे त्यांनी १८६० च्या सुमारास पौंड-शिलिंगांत मांडले. सोललेल्या सरकीची पेंड सर्वांत वर, टनाला साडेसहा पौंड. जवसाची पेंड साडेचार पौंडांच्या थोडी वर. मका दीड पौंडाच्या आसपास, जवही तेवढेच. सलगम तर काही शिलिंगांवर. शास्त्रज्ञाने काढलेला आकडा इतक्या झटपट बाजारात चालू लागल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. शेतीचे मूल्यमापन करणारे दलाल हे कोष्टक खिशात ठेवू लागले.

याचे कारण इंग्लंडच्या कुळपद्धतीत होते. बहुतेक शेतकरी कुळे होते. एखाद्या कुळाने दोन वर्षे महागाची पेंड विकत घेऊन बैलांना घातली, ते सकस खत जमिनीत मुरले, आणि तोच करार संपून त्याला शेत सोडावे लागले, तर मुरलेल्या खताचे पैसे कोणाचे? पुढच्या पिकाचा लाभ जमीनदाराला किंवा नव्या कुळाला होणार. काही परगण्यांत भरपाईची रूढी होती, बहुतेक ठिकाणी नव्हती. १८७५ च्या कायद्याने असा हक्क मान्य केला, पण करारात पळवाट ठेवता येत असे. १८८३ च्या कायद्याने ती बंद केली. आता प्रत्येक वादात आकडा लागे आणि आकडा होता एकच, लॉझ यांचा. ते स्वतः जमीनदार होते, तरी त्यांच्या कोष्टकाचे वजन पडे ते जाणाऱ्या कुळाच्या पारड्यात. आपल्या वर्गाचे हित आणि आपल्या तराजूचा कौल यांतले त्यांनी काय निवडले, ते यावरून समजते. असाच प्रसंग त्यांच्यावर शेतकऱ्यांच्या बाबतीतही आला होता. माल्टवरचा कर उठवा, म्हणजे आम्ही स्वस्त माल्ट घालून बैल पोसू, अशी शेतकऱ्यांची जुनी मागणी होती. सरकारने १८६३ मध्ये लॉझ यांच्याकडे प्रयोग सोपवले. बैल, गायी, मेंढ्या, डुकरे, सर्वांवर चाचणी घेऊन त्यांनी सांगितले की मोड आणून भाजलेल्या जवापेक्षा साधे जवच तितके किंवा अधिक उपयोगी. मोड आणताना जवाचा काही भाग उगाच नष्ट होतो. हे ज्यांना ऐकायचे नव्हते त्यांची नाराजी त्यांनी पत्करली.

आपल्याच कोष्टकाची कसोटी मात्र अधिक कठीण होती. आकडे रसायनशास्त्राने काढलेले होते : पेंडीत इतके नत्र, बैलाने इतके ठेवले, म्हणून खतात इतके. पण गोठ्यात साठलेले, उन्हापावसात पडलेले, महिनोन्‌महिने कुजलेले शेणखत हे प्रयोगशाळेतल्या बेरजेसारखे वागत नाही. १८७६ मध्ये बेडफर्डच्या ड्यूकांनी जमीन व पैसा देऊन वोबर्न येथे मुद्दाम प्रयोगक्षेत्र उघडले, ते या कोष्टकाचीच परीक्षा घेण्यासाठी. एका गटातल्या बैलांना सोललेली सरकीची पेंड, दुसऱ्याला मक्याचे पीठ. दोघांचे खत वेगवेगळे जमिनीत घातले आणि पुढे येणारी पिके तोलली. कोष्टकाप्रमाणे दोन खतांच्या किमतीत चौपट अंतर होते. पिकांत तसे अंतर दिसले नाही. फरक जेमतेम होता.

आपल्या नावाने चालणारा आकडा न्यायालयांत व लिलावांत प्रमाण मानला जात असताना तो फुगलेला आहे, असे कळणे कोणालाही सोपे नाही. गोठ्यात व उकिरड्यावर नत्र हवेत उडून जाते, मूत्रातील भाग झिरपून जातो, आणि उरलेलेही पहिल्याच पिकाला मिळत नाही, हे रॉथमस्टेडच्या शेतांतूनही दिसतच होते. लॉझ व गिल्बर्ट यांनी १८८५ मध्ये कोष्टक नव्याने मांडले, आकडे खाली आणले, आणि वर्षागणिक किंमत कशी घटवावी ते दाखवले. १८९७ मध्ये, लॉझ त्र्याऐंशीच्या घरात असताना, पुन्हा एकदा दुरुस्ती झाली. पहिल्या कोष्टकाला धरून बसणे त्यांना सहज शक्य होते. या दुरुस्त्यांनी ज्या कुळांचे नुकसान झाले त्यांना अर्थातच त्या आवडल्या नाहीत.

दरम्यान लॉझ यांचे आयुष्य इतर अंगांनीही भरून वाहत होते. १८५५ मध्ये इंग्रज शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना नवी प्रयोगशाळा बांधून दिली. हार्पेन्डनच्या मजुरांसाठी त्यांनी भाजीपाल्याचे वाटे पाडून दिले आणि १८५७ मध्ये तेथे एक क्लब बांधला. मजुरांनी दारूगुत्त्यावर पैसे उधळण्याऐवजी तेथे बसून आपल्या बिअरचा ग्लास घ्यावा, ही त्यामागची व्यवहारी दृष्टी. चार्ल्स डिकन्स यांनी हा क्लब पाहून आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. दर शरद ऋतूत लॉझ ब्रॉडबाल्कच्या पिकावरून साऱ्या देशाच्या गहू-उत्पादनाचा अंदाज वर्तमानपत्रात देत, आणि धान्यव्यापारी तो वाचण्यासाठी थांबून राहत. १८७२ मध्ये त्यांनी खताचा धंदा तीन लाख पौंडांना विकला. त्यातले एक लाख पौंड रॉथमस्टेडचे प्रयोग आपल्यामागेही चालावेत म्हणून वेगळे ठेवले आणि १८८९ मध्ये रीतसर न्यासाच्या हवाली केले. त्या काळी हा पैसा एखाद्या छोट्या संस्थानाच्या खजिन्यात मावणारा नव्हता. सरकारकडून एक छदामही न घेता चार दशकांहून अधिक काळ त्यांनी ही संस्था पदरच्या खर्चाने चालवली होती. १८८२ मध्ये त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली.

न्यासाचे हे दस्तऐवज तयार होत असतानाच पेंडीचा प्रश्न हिंदुस्थानच्या भूमीवर येऊन पोहोचला. ऑगस्टस व्होल्कर यांचे चिरंजीव जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी पाठवण्यात आले. वोबर्नच्या प्रयोगांची धुरा आता याच मुलाकडे होती. वर्षभराहून अधिक काळ ते देशभर फिरले आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानी शेतकरी अडाणी नाही, हे त्या अहवालाने ठासून सांगितले म्हणून तो आजही आठवला जातो. त्यातला दुसरा मुद्दा थेट रॉथमस्टेडच्या तराजूतून आलेला होता. तेलबिया जशाच्या तशा परदेशी जातात, तेव्हा त्यांबरोबर नत्र व फॉस्फेटही जाते. तेलाच्या रूपाने जाणारे काही जमिनीतले नव्हे, ते हवापाण्यातले. पण पेंड देशात राहिली तर तिचे मोल जनावरातून जमिनीत परत येते. माळव्यातले व वऱ्हाडातले जवस हल किंवा लंडनच्या गिरणीत गाळले जाई, त्याची पेंड इंग्रज बैल खाई, आणि त्या बैलाचे सकस खत हर्टफर्डशायर-नॉरफकच्या गव्हाला मिळे. कोष्टकातल्या जवसाच्या पेंडीपुढचे साडेचार पौंड, त्यांतल्या काही भागापुरते, या मुलखांतल्या काळ्या जमिनीतून गेलेले होते. पेंडीची निर्यात न करता येथेच तेल गाळावे, हा विचार पुढच्या पिढीतल्या येथील अर्थचिंतकांनी अनेक वेळा मांडला. त्याला लागणारा आकडा मात्र रॉथमस्टेडने आधीच काढून ठेवला होता.

१८९३ मध्ये प्रयोगांना पन्नास वर्षे झाली. प्रयोगशाळेसमोर ग्रॅनाइटची मोठी शिळा उभारली गेली, गिल्बर्ट यांना सर ही पदवी मिळाली. लॉझ पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत शेतावर फेरी मारीत. अल्पशा आजारानंतर ३१ ऑगस्ट १९०० रोजी रॉथमस्टेड येथेच त्यांचे निधन झाले व हार्पेन्डनच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. गिल्बर्ट त्यानंतर सोळा महिनेही जगले नाहीत.

१९०२ मध्ये रॉथमस्टेडचे नवे संचालक हॉल आणि धाकटे व्होल्कर यांनी मिळून कोष्टक पुन्हा तपासले. खत तयार होता होताच पेंडीतले जवळजवळ अर्धे नत्र वाया जाते असे धरून त्यांनी आकडे आणखी खाली आणले, आणि इंग्लंडातले मूल्यमापक पुढची अनेक वर्षे कुळांची भरपाई त्या नव्या कोष्टकावरून करू लागले. त्यातही सोललेल्या सरकीची पेंड जवसाच्या वरच राहिली.